‘आपल्या हातात काय?’ हा प्रश्न अर्ध्यावर सोडू नका

स्टोइक तत्त्वज्ञान, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन जगातला एक विचारपंथ, आणि सजगता यांवरून आपल्याकडे सध्या जो वाद चालतो, तो मला फार अपुरा वाटतो. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत माइंडफुलनेसची शिबिरं भरतात, रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसची वाक्यं सुप्रभातच्या फुलांबरोबर मोबाइलवर येतात, व्याख्यानांमधून सेनेका आणि एपिक्टेटस या स्टोइकांची नावं कानावर पडतात. त्यावर एक गट म्हणतो, ‘हे सगळं पोट भरलेल्यांचं. कोकणी माणसाला आणखी सोसायला शिकवू नका, पिढ्यान्‌पिढ्या तो तेच करत आलाय.’ दुसरा गट म्हणतो, ‘यात नवीन ते काय? स्थितप्रज्ञाची लक्षणं गीतेत आहेत, मनाचे श्लोक आपल्या घरात म्हटले जातात, ग्रीकांकडून काय शिकायचं?’ एकाच्या बोलण्यात राग आहे, दुसऱ्याच्या बोलण्यात अभिमान. पण दोघांनी एकच समजूत घट्ट धरली आहे, की वाट्याला येईल ते शांतपणे सोसायला शिकवणारं हे तत्त्वज्ञान आहे. ही समजूत चुकीची आहे. ‘आपल्या हातात काय आहे आणि काय नाही’ हा स्टोइकांचा प्रश्न मुळात माणसाला कामाला लावण्यासाठी आहे. आपण तो अर्धाच विचारतो. हातात नाही ते आपल्याला चटकन दिसतं, हातात आहे त्याची मोजदाद मात्र कोणी करत नाही.

पहिल्या गटाचं म्हणणं मी हलक्यावारी नेणार नाही. ‘कोकणी माणूस समाधानी’, ‘कितीही संकट आलं तरी कोकणातला शेतकरी खचत नाही’ ही वाक्यं सभांमधून कौतुकाने म्हटली जातात आणि त्यांना टाळ्याही पडतात. त्या कौतुकाखाली काय दडलंय? गावात काम नव्हतं म्हणून घरटी एक माणूस गिरणगावात गेला, मनीऑर्डरवर घरं चालली, १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा त्यातले कितीतरी मुकाट्याने गावी परतले. त्यांच्या न बोलण्याला आपण समाधान म्हटलं. दाद कुठे मागायची हेच ज्याला ठाऊक नाही त्याचं गप्प बसणं आणि सगळे उपाय करून पाहिलेल्या माणसाची शांतता, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. सत्ता ज्यांच्याकडे असते त्यांना पहिली सोयीची, आणि तिला दुसरीचं नाव दिलं की आणखीच सोयीची. तत्त्वज्ञानाचा असा गैरवापर होत आला आहे, पुढेही होईल. ही भीती खरी आहे.

मग खुद्द स्टोइकांनी काय सांगितलं होतं? या पंथाच्या आरंभीची कथाच जहाज फुटण्याची आहे. झेनो हा सायप्रस बेटावरचा व्यापारी. जहाज बुडाल्यावर तो अथेन्सला आला आणि इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास तिथल्या चित्रांनी सजवलेल्या एका ओवरीत शिकवू लागला. चारेकशे वर्षांनी एपिक्टेटस आला. तो गुलामीत वाढला, पायाने अधू होता. सम्राट डोमिशियनने तत्त्वचिंतकांना रोममधून हाकललं तेव्हा तो ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन राहिला. त्याच्या शिष्याने टिपून ठेवलेल्या प्रवचनांत वाऱ्याची वाट पाहत ताटकळलेली माणसं भेटतात. कुठला वारा सुटलाय? उत्तरेचा. पश्चिमेचा कधी सुटेल? त्याला वाटेल तेव्हा. इथेच पुस्तक मिटलं तर टीकाकार बरोबर ठरतात. पण दुसऱ्या एका प्रवचनात तो विचारतो, समुद्रावर निघताना माझ्या हातात काय असतं? तांडेल म्हणजे नाव हाकणारा निवडणं, खलाशी निवडणं, दिवस आणि वेळ निवडणं. एवढं केल्यावरही वादळ आलं, तर माझा वाटा मी उचललेला आहे, आता काम तांडेलाचं. यातला क्रम पाहा. वादळ स्वीकारायची पाळी शेवटी येते, निवड आणि तयारी झाल्यावर.

हा क्रम हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या नाखव्याला कोणी शिकवायला नको. जून-जुलैची मासेमारीबंदी म्हणजे झोप काढायचे दिवस नव्हेत. त्या दिवसांत जाळी दुरुस्त होतात, इंजिन उघडलं जातं, बोटीची फळीन्‌फळी ठोकून पाहिली जाते, रंग चढतो. त्यानंतर नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ. कुजकी फळी तशीच ठेवून नुसता नारळ वाहिला तर दर्या सांभाळून घेईल, असं एकही नाखवा म्हणणार नाही. मग हेच शहाणपण बंदरावरून घरी आणि घरून ग्रामसभेत येईपर्यंत कुठे हरवतं? तिथे गेल्यावर आपली सुरुवातच नारळापासून का होते?

‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान’ ही ओळ अशा वेळी हमखास पुढे केली जाते. पण ती ज्यांची, ते तुकोबा काय ठेविले तसेच राहिले? त्यांनी १६३०च्या सुमाराचा भीषण दुष्काळ पाहिला, घरातली माणसं गमावली, आणि परंपरा सांगते की आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवून त्यांनी कितीतरी कुळांना मोकळं केलं. अभंग रचू नकोस म्हणून दडपण आलं तरी ते रचत राहिले. चित्तातलं समाधान आणि जगातला अन्याय यांची त्यांनी कधी गल्लत केली नाही. ती गल्लत आपण केली, त्यांच्या ओळीचा आधार घेऊन.

‘आपल्याकडे हे आधीपासून आहे’ म्हणणाऱ्यांना मी रत्नागिरीतच जन्मलेल्या टिळकांची आठवण देईन. १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिलं आणि १९१५ मध्ये ते छापून आलं. ते तुरुंगात असतानाच इकडे १९१२ साली त्यांच्या पत्नी वारल्या. त्या ग्रंथाचा सगळा रोख कशावर आहे? संन्यासाला वरचं स्थान देणाऱ्या भाष्यांची परंपरा इतकी प्रबळ झाली होती की गीता कर्म सोडायला सांगते असाच समज रुजला होता. गीतेचा मुख्य उपदेश कर्मयोगाचा आहे, हे दाखवण्यासाठी त्यांना एवढं मोठं पुस्तक लिहावं लागलं. म्हणजे ग्रंथ घरात शतकानुशतकं होता, पाठही होता, तरी त्याचा उलटा अर्थ लावून माणसं हात बांधून बसू शकली. स्टोइकांच्या पुस्तकांचं आज जे होतंय ते गीतेचंही झालं होतं. तेव्हा ‘आमच्याकडे आहेच’ म्हणण्याने काय साधतं? घरी विहीर आहे म्हणून तहान भागत नाही, पोहरा सोडावाच लागतो. आणि परकेपणाचा मुद्दा तर या किनाऱ्याने तरी काढू नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापारी दर्यावर्द्याने लिहून ठेवलेल्या बंदरांच्या यादीत सोपारा, कल्याण आणि चौल आहेत. तिकडे सेनेका लिहीत होता त्याच शतकात रोमन साम्राज्यातला माल आपल्या धक्क्यांवर उतरत होता. माल चालतो, मग विचारानेच काय घोडं मारलंय?

या तत्त्वज्ञानावरचा सर्वांत जड आक्षेप माझ्या मते वेगळाच आहे आणि तो फारसं कोणी घेत नाही. ‘हातात आहे’ आणि ‘हातात नाही’ अशी जगाची दोनच भागांत वाटणी करता येत नाही. बहुतेक गोष्टी थोड्या हातात असतात, थोड्या नसतात. शिवाय सीमारेषा एका जागी राहत नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा कितीतरी बोटी दर्यात होत्या आणि बरेच मच्छीमार परतले नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा त्याचा मार्ग आधी कळला होता, बोटींना माघारी बोलावलं गेलं, किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना हलवलं गेलं. वारा दोन्ही वेळा हाताबाहेरचाच होता. पण वाऱ्याची खबर वेळेवर बोटीपर्यंत पोहोचवणं ही गोष्ट रेषेच्या पलीकडून अलीकडे आली. तिला अलीकडे आणलं ते हवामानशास्त्रज्ञांनी, उपग्रहांनी आणि आधीच्या वादळांत गेलेल्यांच्या आक्रोशाने. मार्कस ऑरेलियसच्या कारकिर्दीत १६५ नंतर साथ पसरली तेव्हा रोग कशाने होतो हेच कोणाला माहीत नव्हतं. धीर धरण्यापलीकडे त्याच्या हातात फार थोडं होतं. २०२० च्या साथीत आपल्याला रोगाचं कारण ठाऊक होतं, तरी काही वाड्यांनी आपल्याच चाकरमान्यांना वेशीवर अडवलं. ज्ञान हातात असूनही तिथे भीतीने निर्णय घेतला. म्हणून मी म्हणतो, हा प्रश्न एकदा सोडवून खिशात ठेवायचा नसतो. दर पावसाळ्यापूर्वी तो नव्याने सोडवावा लागतो, आणि त्यासाठी माहिती काढावी लागते. माहिती न काढता ‘नशीब’ म्हणणारा एपिक्टेटसच्या वर्गात नापास झाला असता.

दुसरी उणीवही मी मान्य करतो. ‘माझ्या हातात’ याचा विचार स्टोइकांनी जितका खोल केला तितका ‘आमच्या हातात’ याचा केला नाही. पोळ्याच्या हिताचं नसेल ते मधमाशीच्याही हिताचं नसतं, असं मार्कस लिहितो. सगळी माणसं एकाच नगरीची रहिवासी, हेही त्यांनी सांगितलं. पण एकट्याला जमत नाही ते संघटनेला कसं जमतं, याचं शास्त्र त्यांच्याकडे फारसं सापडत नाही. ते कोकणाच्या इतिहासात सापडतं. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी वर्षानुवर्षं खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. खोत, सावकार, कायदा, कचेरी यांतलं काहीही त्यांच्या ताब्यात नव्हतं. नांगर तेवढा होता. तो न धरण्याचं त्यांनी ठरवलं आणि उपासमार सोसून ते निभावलं. नारायण नागू पाटील यांनी संप लढवला, बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९४९ मध्ये खोती संपवणारा कायदा झाला. इथे सोसणं होतंच, पण कशासाठी सोसायचं ते त्यांनी स्वतः ठरवलेलं होतं. महाडचंही तसंच. नगरपालिकेच्या ठरावाने चवदार तळं कागदावर १९२४ सालीच खुलं झालं होतं. २० मार्च १९२७ ला हजारो माणसांनी जाऊन ते पाणी प्यायल्यावर तो कागद जिवंत झाला, आणि त्यानंतरचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ उजाडलं. बाबासाहेबांना किंवा चरीच्या कुळांना स्टोइक ठरवण्याचा माझा हेतू नाही. दैववादावर बाबासाहेबांनी जेवढे घाव घातले तेवढे थोड्यांनीच घातले असतील. मला एवढंच दाखवायचंय की ‘हातात काय आहे’ हा प्रश्न पुरा विचारला की उत्तर पुष्कळदा अनेकवचनात येतं. आपल्या मालवणी गाऱ्हाण्यात देवाकडे मागणं तरी कुठे एकट्यासाठी असतं? सगळ्या गावाचं नाव घेऊन मागतात आणि सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. मागताना आपण एकत्र असतो. मग सातबारा दुरुस्त करायला, नुकसानभरपाईचा अर्ज द्यायला एकेकटे का जातो?

निसर्ग वादळानंतर हे थोडंफार घडलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागात पोफळी आणि माड आडवे झाले. ज्या बागेवर दोन पिढ्यांनी घर चालवलं ती एका दुपारी गेली, आणि नवीन माड-पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं. सरकारी मदत हेक्टरावर मोजली जाणार होती, इथल्या बागा तर गुंठ्यांत. तेव्हा झाडामागे मदत द्या अशी मागणी लोकांनी लावून धरली आणि नारळ-सुपारीपुरता तसा निर्णय झाला. रक्कम अपुरी होती, हे खरं. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर नागरिक साखळी उपोषणाला बसले, तेव्हा वाशिष्ठीतला गाळ उपसण्याच्या कामाला गती आली. पाऊस किती पडावा हे चिपळूणकरांच्या हातात नाही. नदीच्या पात्रात गाळ किती साठू द्यायचा, हे पुष्कळसं आहे.

आता गुलामगिरीचा मुद्दा. स्टोइकांनी ती मोडण्याची चळवळ केली नाही. सेनेकाने मित्राला लिहिलं की गुलामही माणसंच आहेत, पण त्याची स्वतःची संपत्ती अफाट होती आणि नीरोच्या दरबारात त्याने बरंच काही पोटात घातलं. यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. मात्र त्याच परंपरेत हेल्व्हिडिअस प्रिस्कसही आहे, त्याचं नाव मोबाइलवर कधी येत नाही. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला सांगितलं, सिनेटमध्ये येऊ नकोस. तो म्हणाला, सभासदत्व काढून घेणं तुझ्या हातात आहे. सभासद आहे तोवर मी येणार. सम्राट म्हणाला, ये, पण बोलू नकोस. हेल्व्हिडिअस म्हणाला, मला विचारू नकोस, मी बोलणार नाही. पण मला विचारावं लागेल, सम्राट म्हणाला. मग मला जे योग्य वाटतं ते सांगावं लागेल. सांगितलंस तर मारीन. मी अमर आहे असं कधी म्हटलं होतं का? तू तुझं काम कर, मी माझं करतो. हा संवाद एपिक्टेटस आपल्या विद्यार्थ्यांना सांगत असे, आणि हेल्व्हिडिअसला शेवटी खरंच मारण्यात आलं. हातात काय आहे हे कळलेला माणूस सत्तेला किती अवघड जातो, याचा याहून ठसठशीत दाखला मला माहीत नाही.

रोजच्या जगण्यात हे कुठे उपयोगी पडतं असं मला कोणी विचारलं, तर मी आधी भाऊबंदकीचं नाव घेईन. कोकणातल्या घरांना वादळांइतकंच भाऊबंदकीने पोखरलंय. सातबाऱ्यावर पन्नास नावं, निम्मी माणसं मुंबईला, काही वारलेली, वाटणी झालेली नाही. एक काका गणपतीत येऊन म्हणतात, तो फणस आमच्या बाजूचा. त्या फणसावरून दोन चुलत्या एकमेकींकडे वर्षानुवर्षं जात नाहीत, कोर्टातल्या तारखांचा खर्च जमिनीच्या किमतीला टेकतो आणि घराचा वासा तेवढ्यात कुजतो. एपिक्टेटसचं म्हणणं असं की माणसाला गोष्टी त्रास देत नाहीत, गोष्टींविषयीची त्याची मतं देतात. आजच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने याच विचाराचा आधार घेतला. अल्बर्ट एलिस यांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. फणस तिथेच आहे, फळं तेवढीच आहेत. ‘मला खाली दाखवायला त्याने हे केलं’ हे आपण जोडलेलं असतं. म्हणून हक्क सोडून द्यायचा का? मुळीच नाही. मोजणी मागवायची, वारस नोंदी करून घ्यायच्या, वाटणीपत्र करायचं. ही सगळी कामं राग बाजूला ठेवल्यावरच पुढे सरकतात. सेनेका रात्री दिवा मालवल्यावर दिवसभरातलं आपलं बोलणं-वागणं तपासत असे: कुठे चुकलो, कोणाला नको तितकं बोललो. मार्कस सकाळीच मनाशी म्हणत असे की आज कृतघ्न, उद्धट, मत्सरी माणसं भेटणार आहेत, आणि तीही माझीच नातलग आहेत. गणपतीला घर भरण्याच्या आदल्या रात्री हे वाक्य मनात घोळवावं. माझा अनुभव आहे की त्याने आवाज खालच्या पट्टीत राहतो.

सजगतेबद्दल मला फार बोलायचं नाही. मन कुठे गेलं ते पाहायचं आणि परत आणायचं, ही साधना बुद्धाच्या शिकवणीतली आहे आणि या किनाऱ्याला ती अपरिचित नव्हती. मांदाडजवळची कुडा लेणी, महाडजवळची गांधारपाले लेणी बघून या. त्यातल्या कुडा लेण्यांच्या शिलालेखांत दान देणारे व्यापारी आहेत, माळी आहे. कामधंद्याची माणसं भिक्खूंसाठी गुंफा खोदवत होती, आणि त्या साधनेत शीलाला, म्हणजे आपण इतरांशी कसं वागतो याला, पहिली जागा होती. आज शिबिरात शीलाचा भाग गळून श्वास तेवढा उरतो. समुद्राकडे तोंड करून दोन दिवस श्वास पाहिल्याने थकलेल्या माणसाला बरं वाटत असेल तर वाटू दे, त्यात वाईट काही नाही. पण त्या किनाऱ्यावर कालपर्यंत मासळी वाळत घालणाऱ्या बाईला आता तिथे बसू देतात की नाही, हेही त्या सजगतेला दिसायला हवं.

एका ठिकाणी मात्र मी एपिक्टेटसची साथ सोडतो. मुलाचा मुका घेताना मनाशी म्हण की हे मर्त्य आहे, म्हणजे ते गेल्यावर कोसळणार नाहीस, असं तो सांगतो. ज्या काळात अर्धी मुलं दगावत होती तिथे या वाक्यामागची कळकळ मी समजू शकतो, पण दुःखात असलेल्या दुसऱ्या माणसाला ते ऐकवण्याचा हक्क कोणालाही नाही. बोटीवरून बेपत्ता झालेल्या खलाशाचा देह सापडला नाही तर त्याच्या बायकोची गत काय होते? मृत्यू गृहीत धरण्यासाठी कायदा सात वर्षं सांगतो. तोवर ती सधवा की विधवा हे गावाला ठरवता येत नाही आणि कचेरीलाही. विम्याचे, मदतीचे, खात्यातले पैसे प्रमाणपत्रावाचून अडतात. दर्याने काय नेलं ते कोणाच्याच हातात नव्हतं. पण बोटीवर कोण कोण होतं याची नोंद बंदरावर नीट ठेवणं, मच्छीमार सोसायटीने पंचनाम्याच्या मागे लागणं, अशा घरांसाठी ही मुदत कमी करावी म्हणून आमदाराला गाठणं, हे सगळं आपल्या हातात आहे. तिला धीर धर म्हणून सांगायला जाणाऱ्यांनी आधी आपसांत ठरवावं, की तिच्याबरोबर तहसील कचेरीत सोमवारी कोण जाणार.